चौथ्या धावपटूची किंमत

पुढची तुकडी

मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो हौशी धावपटू पहाटे अंधारातच सुटतात. एलिट धावपटू सुटतात सातनंतर, चांगलं उजाडल्यावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून ही छोटी तुकडी निघते आणि पहिल्या किलोमीटरपासूनच तीन मिनिटांना एक किलोमीटर अशा वेगाला लागते. पुढे वेळ दाखवणारी गाडी, तिच्यामागे वेग धरून देणारे पेसर, पेसरच्या पाठोपाठ इथिओपिया, केनिया आणि एरिट्रियाचे धावपटू. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम, मग परत दक्षिणेकडे आणि शेवटच्या टप्प्यात, पाय जड झालेले असताना, पेडर रोडचा चढ. फुटपाथवर उभी माणसं भरभरून टाळ्या वाजवतात. आपण कुणासाठी टाळ्या वाजवतोय हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. धावणाऱ्याच्या छातीवर नाव असतं, बनियनवर बूट बनवणाऱ्या कंपनीची खूण असते. तो कुठल्या गावचा, कुठल्या गटातला, कुणाबरोबर सराव करतो, हे सांगणारं काहीच नसतं.

ही तुकडी आपोआप जमत नाही. तिच्यामागे अनेक महिन्यांची जुळवाजुळव असते. आयोजकांकडे एलिट धावपटू ठरवणारा एक माणूस असतो. तो नोंदणीकृत एजंटांशी बोलतो. कुणाला फक्त येण्याचे पैसे द्यायचे, कुणाला ठरावीक वेळेच्या आत आल्यावर बोनस द्यायचा, पेसरने किती किलोमीटरपर्यंत वेग धरायचा, हे सगळं करारात असतं. आदल्या दिवशी हॉटेलात तांत्रिक बैठक होते. तिथे प्रत्येक जण आपापल्या पेयाच्या बाटल्या जमा करतो. गर्दीत धावताना दुरून ओळखता याव्यात म्हणून त्यांना रंगीत पट्ट्या, फिती, कधी तारेचे कान लावलेले असतात. दर पाच किलोमीटरवरच्या टेबलांवर या बाटल्या क्रमाने मांडल्या जातात. शर्यतीला जागतिक संघटनेचं मोठ्या दर्जाचं लेबल हवं असेल, तर अमुक मानांकनाचे धावपटू आणावेच लागतात, उत्तेजक चाचण्यांच्या कार्यक्रमाला पैसेही द्यावे लागतात. मुंबईने २००४ पासून हे काम चोख केलं आहे. २०२३ मध्ये इथिओपियाचा हायले लेमी इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत आला, त्याच दिवशी महिलांमध्ये आंचालेम हायमानोतने २ तास २४ मिनिटं १५ सेकंदांची वेळ दिली. जानेवारीतली मुंबईची दमट हवा आणि पेडर रोडचा चढ लक्षात घेतला तर या वेळा फार मोठ्या आहेत.

आता या तुकडीच्या मागे पाहायचं. २०२४ मध्ये लेमी पुन्हा जिंकला, २ तास ७ मिनिटं ५० सेकंदांत. भारतीयांत पहिला आलेला श्रीनु बुगाथा २ तास १७ मिनिटं २९ सेकंदांत पोचला. म्हणजे लेमीने फीत ओलांडली तेव्हा श्रीनु तीन किलोमीटर मागे होता. महिलांमध्ये विजेती २ तास २६ मिनिटांच्या घरात, पहिली भारतीय निर्माबेन ठाकोर २ तास ४७ मिनिटांच्या घरात. हे अंतर कमीही होत नाही. मुंबईच्या रस्त्यावर भारतीय पुरुषाने दिलेली २ तास १५ मिनिटं ४८ सेकंदांची वेळ नितेंद्रसिंह रावतची, २०१६ सालची. सुधा सिंहची २ तास ३४ मिनिटं ५६ सेकंदांची वेळ २०१९ ची. त्यानंतर २०२५ पर्यंत दोन्ही वेळांना कुणी धक्का लावला नाही. जगातले उत्तम धावपटू दरवर्षी आपल्या दारात येऊन धावतात, तरी आपले धावपटू होते तिथेच आहेत. हे का होतं?

या अंकासाठी संपादकांनी ‘सोबत’ हा विषय दिला. एकट्याने धावायच्या या खेळाला त्या विषयाच्या उजेडात पाहिलं की एक उत्तर दिसू लागतं. आपण पुढच्या तुकडीवर पैसा खर्च केला आणि मागे संघ उभे केले नाहीत. रस्त्यावरच्या शर्यतीत सांघिक स्पर्धा ही बक्षीस समारंभाच्या शेवटी उरकायची बाब मानली जाते. माझ्या मते देशातून चांगले धावपटू निघायचे असतील, तर शर्यतीचा कणा तीच व्हायला हवी.

रियोतला एक सेकंद

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईतलाच आहे. १७ जानेवारी २०१६ च्या शर्यतीत गोपी थोनाकल नावाचा केरळचा जवान उतरला तो जिंकण्यासाठी नाही. नितेंद्रसिंह रावतला वेग धरून द्यायचं काम त्याला दिलेलं होतं. दोघेही सैन्यातले, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये एकत्र सराव करणारे. पेसर सहसा मध्येच थांबतो. गोपी थांबला नाही. तो २ तास १६ मिनिटं १५ सेकंदांत भारतीयांत दुसरा आला आणि रियो ऑलिंपिकला पात्र ठरला. त्याच गटातला खेताराम २ तास १७ मिनिटं २३ सेकंदांत तिसरा आला, तोही पात्र ठरला. ऑगस्टमध्ये रियोत गोपीने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पंचविसावा क्रमांक मिळवला. सव्विसावा होता खेताराम, वेळ २ तास १५ मिनिटं २६ सेकंद. एका सेकंदाचा फरक, आणि दोघांचीही तोपर्यंतची सर्वोत्तम वेळ.

बेचाळीस किलोमीटरनंतर दोन माणसं एका सेकंदाच्या अंतराने पोचतात, तेव्हा तिथे योगायोगाला फारशी जागा उरत नाही. त्यांनी एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत हजारो किलोमीटर काढलेले असतात. २०२४ मध्ये हाँगकाँगला झालेल्या आशियाई मॅरेथॉन स्पर्धेत मानसिंहने २ तास १४ मिनिटं १९ सेकंदांत सुवर्ण जिंकलं आणि भारताचाच बेलिअप्पा सहावा आला. हे दोघेही सैन्याचे. आपल्याकडे पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये गेल्या दहा वर्षांत जे काही चांगलं घडलं, त्याचा मोठा भाग एका छावणीत, एका प्रशिक्षकाच्या हाताखाली राहणाऱ्या गटाने घडवला. महिलांचं पाहिलं तर नाशिक समोर येतं. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे कविता राऊत घडली, मोनिका आथरे घडली, संजीवनी जाधव घडली. सावरपाड्यासारख्या पाड्यातून आलेल्या मुलीला पुढे धावणारी आणि मागून रेटणारी, अशा दोन्ही मुली रोज सकाळी एकाच मैदानावर मिळाल्या.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात मल्ल आखाड्यात एकटाच उतरतो, पण तो कुठल्या तालमीचा हे आधी विचारलं जातं, कारण रोज अंगाला अंग लावणारे जोडीदार नसतील तर मल्ल घडत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. धावण्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण बाजूला ठेवलं. सैन्याला आणि रेल्वेला संघ ठेवण्याची कारणं आहेत. गावातल्या, तालुक्यातल्या मुलाला संघात राहण्याचं काहीच कारण आपल्या शर्यती देत नाहीत. महाराष्ट्रात हिवाळ्यात दर रविवारी कुठे ना कुठे मॅरेथॉन असते. पहिल्या तिघांना रोख बक्षीस, बाकीच्यांना पदक आणि टी-शर्ट. ज्याला धावण्यावर बूट आणि दूध भागवायचं आहे, तो आज इथे, पुढच्या रविवारी तिथे, असा फिरत राहतो. ज्याच्याबरोबर सराव करायचा, तोच रविवारी त्याच्या पाच हजारांचा वाटेकरी असतो. अशा व्यवस्थेत कुणी आपली युक्ती दुसऱ्याला का शिकवेल?

गणित बदललं की माणसं बदलतात

सांघिक स्पर्धेचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्रॉस कंट्रीमध्ये क्रमांकांची बेरीज करतात. जागतिक स्पर्धेत संघाच्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो संघ पुढे. रस्त्यावरच्या शर्यतींत सहसा तिघांच्या वेळांची बेरीज धरतात. जागतिक अर्धमॅरेथॉनमध्ये हीच रीत. कागदावर हा हिशेब किरकोळ दिसतो, मैदानावर तो सगळं उलटंपालटं करून टाकतो.

एखाद्या प्रशिक्षकाकडे चार धावपटू आहेत असं धरू. पहिला २ तास १६ मिनिटांचा, चौथा २ तास ३० मिनिटांचा. वैयक्तिक शर्यतीत प्रशिक्षकाचं सगळं लक्ष पहिल्याकडे जातं, कारण बक्षीस तोच आणणार. पण पहिल्याची वेळ एका मिनिटाने कमी करायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. तिसऱ्या-चौथ्याची पाच मिनिटं एका हंगामात कमी होऊ शकतात, नीट झोप, नीट आहार आणि सोबत मिळाली तर. बेरजेत तिसऱ्याचं मिनिट पहिल्याच्या मिनिटाइतकंच मोलाचं असतं. त्यामुळे मेहनत खालच्या टोकाकडे वळते. आणि चौथा, ज्याची वेळ बेरजेत धरलीच जात नाही, तो तिसऱ्याच्या मागे लागलेला असतो. तिसऱ्याला दुखापत झाली तर बेरीज त्याच्यावर येते. क्रमांकांच्या पद्धतीत तर न मोजला जाणारा धावपटूही समोरच्या संघातल्या एखाद्याला मागे टाकून त्याचा क्रमांक एकाने खाली ढकलतो, म्हणजे न मोजला जाताही तो संघाच्या उपयोगी पडतो. वैयक्तिक शर्यतीत तिसावा की एकतिसावा याने कुणालाही फरक पडत नाही. सांघिक शर्यतीत त्याच जागेवरून विजेतेपद सुटू शकतं.

हाकोनेचा पट्टा

हे गणित एका देशाने शंभर वर्षं चालवून दाखवलं आहे. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला तोक्योतल्या ओतेमाचीपासून हाकोनेच्या डोंगरातल्या आशी सरोवरापर्यंत आणि परत, असं २१७.१ किलोमीटरचं अंतर विद्यापीठांचे संघ धावतात. दहा टप्पे, दहा धावपटू, प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलोमीटरच्या आगेमागे. हातात काठी नसते, खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा असतो, तासुकी. तो घामाने भिजतो आणि पुढच्याच्या खांद्यावर जातो. या शर्यतीची सुरुवात १९२० मध्ये चार संस्थांनी केली. तिच्यामागचा माणूस कानाकुरी शिझो १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने कोसळला होता. जपानला मोठ्या शर्यतींत टिकायचं तर एक धावपटू घडवून भागणार नाही, एका वेळी अनेक घडवावे लागतील, हे त्याने ओळखलं.

पाचवा टप्पा डोंगराचा. ओदावारापासून निघून रस्ता समुद्रसपाटीच्या जवळून ८७४ मीटरपर्यंत चढतो. या चढावर मिनिटंच्या मिनिटं कमावली आणि गमावली जातात. प्रशिक्षक मागच्या गाडीत बसून ठरलेल्या ठिकाणी ध्वनिवर्धकावरून धावपटूशी बोलतो. वाटेत पाणी देतात ते संघातलेच, निवड न झालेले विद्यार्थी. चार वर्षं वसतिगृहात राहून, पहाटे उठून, शेवटी दहा जणांत नाव न आलेला मुलगा आपल्या जोडीदाराबरोबर काही पावलं धावतो, बाटली देतो, दोन शब्द बोलतो आणि मागे राहतो. तिथले प्रेक्षक त्यालाही ओळखतात. १९८७ पासून निप्पॉन टेलिव्हिजन ही शर्यत थेट दाखवतं आणि नव्या वर्षाच्या सुट्टीत देशातली पाव भागाहून अधिक घरं ती पाहतात. आपल्याकडे मॅरेथॉनच्या प्रक्षेपणात पहिले तिघे दिसतात आणि मग जाहिराती. हाकोनेत कॅमेरा दहाव्या आणि अकराव्या संघावरही तितकाच रोखलेला असतो, कारण पहिले दहा संघ पुढच्या वर्षी थेट येतात, अकराव्याला पात्रता शर्यत द्यावी लागते.

त्या पात्रता शर्यतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईला घेण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. ऑक्टोबरमध्ये ताचिकावा इथे अर्धमॅरेथॉन होते. प्रत्येक विद्यापीठाचे जास्तीत जास्त बारा धावपटू, त्यातल्या पहिल्या दहांच्या वेळांची बेरीज. २०२४ च्या शर्यतीत हाकोनेची जागा मिळवणाऱ्या दहाव्या आणि ती हुकलेल्या अकराव्या संघात फरक पडला एका सेकंदाचा. दहा माणसांनी मिळून दोनशेहून अधिक किलोमीटर धावायचं आणि एका सेकंदाने वर्ष हातचं जायचं. त्या संघातला आठवा, नववा, दहावा धावपटू त्या सेकंदाचा हिशेब आयुष्यभर विसरणार नाही. त्याच्यामागून येणारी बॅचही विसरणार नाही. या शर्यतीला एलिट तुकडी लागत नाही, पेसर लागत नाहीत, येण्याचे पैसे लागत नाहीत. लागतो तो एक रस्ता, नीट वेळ मोजण्याची व्यवस्था आणि बेरीज.

यातून पुढची तुकडीही घडते. नोव्हेंबरमध्ये आगेओ शहरात एक अर्धमॅरेथॉन असते. हाकोनेसाठी कुणाला निवडायचं हे ठरवायला विद्यापीठांचे प्रशिक्षक आपली मुलं तिथे उतरवतात. न्यूयॉर्कच्या अर्धमॅरेथॉनने २०१२ पासून तिथल्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या एलिट तुकडीत बोलवायचा पायंडा पाडला. आओयामा गाकुइन विद्यापीठाने हारा सुसुमु या माजी विक्रेत्याला २००४ मध्ये प्रशिक्षक नेमलं. तो आणि त्याची पत्नी धावपटूंबरोबर वसतिगृहात राहू लागले. संघ २००९ मध्ये ३३ वर्षांनी हाकोनेत परतला आणि २०१५ मध्ये पहिल्यांदा जिंकला. विद्यापीठाने अकरा वर्षं वाट पाहिली, कारण वाट पाहण्यासारखं काहीतरी समोर होतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत साथीमुळे बिवा सरोवराच्या मॅरेथॉनला परदेशातून कुणाला बोलावता आलं नाही. त्या दिवशी सुझुकी केंगोने २ तास ४ मिनिटं ५६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि चाळीसहून अधिक धावपटू २ तास १० मिनिटांच्या आत आले. आपल्याकडे १९७८ मध्ये जालंधरला शिवनाथ सिंह यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला.

बॉस्टनचा पोस्टमन

जपानची गोष्ट सांगितली की संस्कृती वेगळी, शिस्त वेगळी, असं म्हटलं जातं. म्हणून अमेरिकेचं उदाहरण घ्यायला हवं. १९७९ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बिल रॉजर्स २ तास ९ मिनिटं २७ सेकंदांत पहिला आला. पहिल्या दहांत त्याच्या ग्रेटर बॉस्टन ट्रॅक क्लबचे आणखी तिघे होते: तिसरा, आठवा आणि दहावा. दहावा आलेला डिक महोनी टपाल वाटण्याची नोकरी करायचा. प्रशिक्षक बिल स्क्वायर्स यांच्या हाताखाली हे सगळे संध्याकाळी एकत्र येऊन धावत. १९८३ पर्यंत ही संस्कृती इतकी खोल गेली होती की त्या वर्षी बॉस्टनला ८४ पुरुष २ तास २० मिनिटांच्या आत आले, त्यातले बहुतेक अमेरिकन आणि बरेचसे नोकरी सांभाळून धावणारे.

मग पैसा आला, आणि तो यायलाच हवा होता. तोवर धावपटूंना हौशीपणाच्या नावाखाली टेबलाखालून पैसे घ्यावे लागत. १९८१ मध्ये पोर्टलंडच्या कॅस्केड रन ऑफमध्ये धावपटूंनी उघडपणे बक्षीस घेऊन तो खोटेपणा मोडला. १९८६ पासून बॉस्टननेही रोख बक्षिसं सुरू केली. हे धावपटूंच्या हक्काचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण आयोजकांचा सगळा पैसा पुढच्या तुकडीवर गेला आणि क्लबच्या स्पर्धेकडे पाहायला कुणी उरलं नाही. अमेरिकन धावण्याच्या उताराला हे एकच कारण नव्हतं, पण एक कारण होतं असं मला वाटतं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला अमेरिकेचा एकच पुरुष आणि एकच महिला मॅरेथॉनमध्ये धावू शकली, बाकीच्यांना पात्रतेची वेळ गाठता आली नाही. सावरायला सुरुवात झाली तीही गटांतूनच. कॅलिफोर्नियाच्या मॅमथ लेक्समध्ये उंचीवर गट उभा राहिला आणि त्यातल्या मेब केफ्लेझिगीने अथेन्समध्ये रौप्य, डीना कॅस्टरने कांस्य मिळवलं.

केनियाचं काय, असं कुणी विचारील. तिथे तर एकेक धावपटू स्वतःच्या नशिबावर जग जिंकतो असं आपण समजतो. पण केनियात सैन्य, पोलीस आणि तुरुंग खात्याचे संघ वर्षानुवर्षं क्रॉस कंट्रीत एकमेकांशी झुंजत आले आहेत. जागतिक क्रॉस कंट्रीत १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षं केनियाच्या पुरुष संघाने विजेतेपद राखलं. मुंबईत येणारा धावपटू एकटा दिसतो तो विमानतळावर. घरी तो कुठल्या ना कुठल्या गटातून निघालेला असतो. आपण त्याला आणतो तेव्हा त्या गटाची फक्त शेवटची ओळ आणतो.

विरुद्ध बाजू

सांघिक स्पर्धेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जपाननेच पुरवला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपन्यांनी चालवलेल्या महिला संघांच्या पात्रता रिलेत एका १९ वर्षांच्या मुलीचं हाड मोडलं. तिने उरलेलं अंतर हाता-गुडघ्यांवर रांगत पार केलं आणि रक्ताळलेल्या गुडघ्यांनी पट्टा पुढे दिला. शालेय मुलींना कामगिरीसाठी लोहाची इंजेक्शनं देण्याचे प्रकार थांबवायला तिथल्या संघटनेला इशारे द्यावे लागले. पट्टा पोचवण्याचं ओझं तरुण शरीराला आणि मनाला मोडू शकतं, हे खरं आहे. शिवाय हाकोनेसाठी वीस किलोमीटरवर झिजलेले धावपटू पुढे मॅरेथॉनमध्ये कमी पडतात, असंही टीकाकार म्हणतात. जपानी पुरुषाला मॅरेथॉनमध्ये ऑलिंपिक पदक मिळालं ते शेवटचं १९९२ मध्ये.

या आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे आणि त्यामुळेच मी भारतासाठी रिलेची शिफारस करणार नाही. रिलेत एक कोसळला की सगळा संघ बाद होतो, म्हणून कुणी थांबत नाही. वेळांच्या बेरजेत हा धोका पुष्कळ कमी करता येतो: चार उतरवा, तिघे मोजा. चौथा आहे म्हणून पहिल्याला दुखलं तर थांबता येतं. अठरा वर्षांखालच्यांना लांब अंतर नाही, हा नियम त्याबरोबर असलाच पाहिजे. दुसरा भाग मला अर्धाच पटतो. पदकं तीन असतात आणि ती नशिबाचीही असतात. तोक्यो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये जपानी पुरुष सहावा आला, ओसाको आणि आकासाकी, आणि दोघेही विद्यापीठांच्या संघांतून आलेले. महिलांकडे पाहिलं तर ताकाहाशी नाओको आणि नोगुची मिझुकी, २००० आणि २००४ च्या सुवर्णविजेत्या, कंपनी संघांतून आल्या. हाकोने पुरुषांपुरतीच आहे हा तिचा मोठा दोष. पण महिलांसाठी तिथे कंपनी संघ आहेत, आणि २०२४ मध्ये ओसाकात २ तास १८ मिनिटं ५९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारी माएदा होनामी ओकायामातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या संघातली होती.

दुसरा आक्षेप कावाउची युकीच्या नावाने येतो. सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत राहून, कुठल्याही कंपनी संघाशिवाय, त्याने २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन थंडीपावसात जिंकली. एकट्याने होतं, असं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल. त्याचं मोठेपण कमी करायची माझी इच्छा नाही. पण हाच कावाउची विद्यार्थिदशेत हाकोनेच्या निवड संघातून डोंगर उतरला होता. पुढे तो जवळजवळ दर महिन्याला कुठेतरी मॅरेथॉन धावू शकला, कारण त्याच्या देशात कुठल्याही रविवारी त्याच्या वेगाचे धावपटू त्याला मिळत होते. जंगल असेल तरच एखादं झाड एकटं वाढूनही उंच होतं.

तिसरा आक्षेप आयोजकांचा असेल आणि तो व्यवहाराचा आहे. परदेशी एलिट नसतील तर लेबल जातं, लेबल गेलं तर प्रायोजक हलतो. म्हणूनच मी पुढची तुकडी काढा असं म्हणत नाही. २०२३ मध्ये मुंबईची एकूण बक्षिसं ४ लाख ५ हजार डॉलरची होती. भारतीयांतल्या पहिल्याला ५ लाख रुपये. या रकमेचा एक लहान भाग संघांसाठी बाजूला काढला तर लेबल जाणार नाही. उलट पेडर रोडवर उभ्या माणसाला टाळ्या वाजवायला एक कारण मिळेल. हिरव्या बनियनवर ‘परभणी’ लिहिलेलं दिसलं, तर मुंबईत राहणारा परभणीचा माणूस गप्प उभा राहील का?

छत्तीस जिल्हे

जिल्हा हा आपला नैसर्गिक संघ आहे. जपानमध्ये दर जानेवारीत क्योतोत महिलांची प्रांतवार रिले होते. ४७ प्रांत, नऊ टप्पे, एकूण ४२.१९५ किलोमीटर, आणि एकाच संघात शाळकरी मुलगी, विद्यार्थिनी आणि ऑलिंपिक खेळलेली बाई. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या आदर्श धावपटूच्या हातून पट्टा मिळतो. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे असा संघ उभा करू शकतात आणि त्यासाठी लागणारी माणसं रस्त्यावर आधीच आहेत. माण, खटाव, जत, बार्शी, इगतपुरी, कुठेही पहाटे पाचला जा; पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणारी मुलं-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने रांगेत दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरती झाली की धावणं संपतं, न झाली तरी वय उलटल्यावर संपतं. त्यांच्यातल्या कितीजणांत दहा किंवा एकवीस किलोमीटरचा धावपटू दडलेला असतो हे कुणी तपासतच नाही. माणमधल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आली आणि रियोत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. त्याच तालुक्यात तिच्या तोडीची चौथी मुलगी होती की नाही, हे आपल्याला कधी कळलं नाही.

भाड्याचे धावपटू येतील, ही भीती रास्त आहे. जपानलाही ती वाटली. हाकोनेत प्रत्येक संघाचा एकच परदेशी विद्यार्थी धावू शकतो आणि शालेय राष्ट्रीय रिलेत २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फक्त तीन किलोमीटरचा टप्पा दिला जातो. आपल्याकडे जिल्ह्यात जन्म किंवा तीन वर्षांचं वास्तव्य, एवढी अट पुरेल. सैन्य आणि रेल्वे सुरुवातीला सगळं जिंकतील हेही खरं. त्यांना स्वतंत्र गट द्यावा आणि जिल्ह्यांच्या गटात जिल्ह्यांनाच मोजावं. सैन्यातल्या साताऱ्याच्या जवानाला एका वर्षी दोन्हीकडून धावायची मुभा द्यायची की नाही, हे संघटनेने ठरवावं. मी देईन.

बक्षीस संघाला मिळावं, चौघांना समान वाटलं जावं, ज्याची वेळ मोजली गेली नाही त्यालाही. पुरुष आणि महिला संघांची रक्कम सारखी असावी. मॅरेथॉनऐवजी अर्धमॅरेथॉन ठेवली तर वीस वर्षांची मुलं-मुली सुरक्षितपणे उतरू शकतील आणि हंगामात ती एकापेक्षा अधिक वेळा होऊ शकेल. निवडीसाठी नवी शर्यत भरवायची गरज नाही. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात होतेच, वसई-विरारची आणि पुण्याची डिसेंबरात होते. तिन्ही ठिकाणी वेळ चिपवर मोजली जाते. निकालाच्या यादीत प्रत्येक नावापुढे जिल्ह्याचा एक रकाना वाढवायचा आणि चार नावांतल्या पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज करायची, एवढंच पहिल्या वर्षाचं काम आहे.